फोटोची थकबाकी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे इकडेतिकडे झाले, ते लिहिताना थोडे नीट केले आहे.)



महोत्सव समितीने मला 'छायाचित्रण : एक कला' असा विषय दिला. विषय मोठा, माणूस छोटा. मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. बी.कॉम. होऊन १९७४ साली बँकेत लागलो आणि २०१० साली निवृत्त झालो. मधल्या ३६ वर्षांत रविवारी आणि सुटीच्या दिवशी फोटो काढले, अजूनही काढतो. पन्नास वर्षं एखादा नाद केला की त्यातलं थोडंफार कळायला लागतं, आणि आपण कुठं चुकलो ते जरा जास्त कळतं. आज थोडं पहिल्याबद्दल आणि बरंचसं दुसऱ्याबद्दल बोलणार आहे.

माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांनी तो हाताळला असेल. काळा डबा, १२० नंबरचा रोल, एका रोलमध्ये १२ फोटो. फोकस करायची भानगड नाही. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची, एवढं लावायचं आणि हात न हलवता खटका दाबायचा. बाराच फोटो असल्यामुळे एक शिस्त लागली. फोटो आधी डोळ्याने काढायचा, मग कॅमेऱ्याने. पुष्कळदा डोळ्याने काढलेला पाहूनच कॅमेरा उचलायची गरज नाही असं ठरायचं आणि पैसे वाचायचे.

गंमत बघा. १९७५ साली मी नगरच्या स्टुडिओत रोल धुवायला टाकून आठ-आठ दिवस वाट पाहत होतो. त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅक कंपनीतला स्टीव्हन सॅसन नावाचा तरुण इंजिनिअर पहिला डिजिटल कॅमेरा जुळवत होता. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायचे, आणि चित्र होतं ०.०१ मेगापिक्सेलचं. कंपनीला त्या खोक्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. पुढे जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. बँकेच्या माणसाने ध्यानात ठेवावी अशीच ही गोष्ट आहे.

(मी 'नगर' म्हणतोय ते सवयीने. कागदावर आता अहिल्यानगर आहे, आणि मी चेकवर तेच लिहितो. जिभेला थोडी मुदत द्या.)

लग्नानंतर आम्ही गावात एका वाड्यात भाड्याने राहत होतो. तिथल्या न्हाणीघराची मी डार्करूम केली. लाल दिवा आणि तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात सौम्य आम्लाचं पाणी, तिसऱ्यात हायपो. पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना पाहणं हा आनंद मला अजून दुसऱ्या कशात सापडलेला नाही. पण हायपोतून काढल्यावर फोटो वाहत्या पाण्यात भरपूर धुवावा लागतो. नाहीतर कागदात राहिलेला हायपो काही वर्षांनी डाग पाडतो, फोटो पिवळा पडतो. नळाला पाणी एक दिवसाआड. आमच्या सौ.चा नियम होता, आधी धुणं, मग फोटो. आमच्या अल्बममधला कुठला फोटो पिवळा पडलाय ते बघून त्या आठवड्यात नळाला पाणी आलं होतं की नाही, ते मी आजही सांगू शकतो.

आता कला. मला समजलेली कला एवढीच, की उजेड कुठून येतोय ते आधी बघायचं. अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर आपला जिल्हा बहुतेक पर्जन्यछायेतला. हवा कोरडी, ऊन कडक. भर उन्हात शेतकऱ्याचा फोटो काढला की टोपी आणि सदरा लखलखीत येतो, चेहरा काळाठिक्कर पडतो आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. यात त्या माणसाच्या रंगाचा दोष नसतो, फोटो काढणाऱ्याचा असतो. कॅमेरा पांढऱ्या कपड्याला भुलतो. उपाय सोपा आहे. माणसाला ओसरीवर सावलीत घ्या, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करा आणि उजेडाचा अंदाज कपड्यावरून न घेता चेहऱ्यावरून घ्या. मोबाईलवाल्यांनी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावं, तेच काम होतं. आणि हो, काढण्याआधी मोबाईलची काच रुमालाने पुसा. निम्मे धूसर फोटो कॅमेऱ्यामुळे नाही, बोटाच्या तेलामुळे येतात.

हे झालं फोटो काढण्याबद्दल. बरीच वर्षं मला वाटायचं की फोटोग्राफी म्हणजे एवढंच. तसं नाही, हे मला पाथर्डी तालुक्यातल्या एका आजींनी शिकवलं. त्यांच्याकडे जाण्याआधी वाटेत एक थांबा घेऊ.

नगरहून पाथर्डीकडे जाताना डोंगरावर तीन मजली, अष्टकोनी इमारत दिसते. तिला आपण सगळे चांदबिबीचा महाल म्हणतो. मीही लहानपणापासून म्हणत आलो आणि पावसाळ्यात, धुक्यात, संध्याकाळी तिचे किती फोटो काढले त्याची गणती नाही. प्रत्यक्षात तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवला, म्हणून लोकांच्या मनात ती राहिली, आणि डोंगरावरची एवढी मोठी वास्तू लोकांनी तिच्या नावावर करून टाकली. सलाबतखान आत झोपलेला आहे आणि बाहेर त्याचं नाव कुणी घेत नाही. दगडी इमारतीची ही गत, तर चार बाय सहाच्या कागदाची काय होत असेल?

तर पाथर्डी तालुका. १९८२ ते ८५ मी तिथल्या एका शाखेत होतो, कर्ज विभाग माझ्याकडे होता. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचे दिवस. म्हशींसाठी, शेळ्यांसाठी कर्ज वाटप चालू होतं. एकच म्हैस तीन कर्जदारांच्या दारात उभी राहते, असे किस्से तेव्हा सगळीकडे ऐकू यायचे. म्हणून मी आमच्या शाखेपुरती पद्धत पाडली. कर्जदार आणि जनावर यांचा एकत्र फोटो काढायचा आणि फाईलला लावायचा. माझ्याकडे तोपर्यंत जुना याशिका आला होता, आत ऑर्वोची कृष्णधवल फिल्म. जनावराच्या कानातला विम्याचा बिल्ला फोटोत स्पष्ट आला पाहिजे, एवढंच बघायचं.

१९८४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर एका वस्तीवर गेलो. कर्जदार एक विधवा आजी, पासष्टीच्या असतील. त्यांनी म्हशीची दावण धरली. मी बिल्ल्यावर फोकस केला, खटका दाबला, काम झालं. मी कॅमेरा बंद करणार, तेवढ्यात म्हशीने आजींच्या पदराचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. आजी खळखळून हसल्या. पुढचा एक दात पडलेला. मी आणखी एक फोटो घेतला, फक्त त्यांचा. बँकेसाठी नाही, माझ्यासाठी.

आजी म्हणाल्या, "साहेब, ह्यो फोटू मला मिळंल का?"

मी म्हणालो, "देतो की आजी. पुढच्या फेरीला."

तो फोटो मी मोठा केला. बँकेच्या कर्मचाऱ्यांची एक स्पर्धा होती, तिच्यात पाठवला. खाली लिहिलं 'ग्रामीण हास्य'. आजींचं नाव लिहिलं नाही, लिहावं असं सुचलंही नाही. दुसरा क्रमांक आला, बक्षीस म्हणून स्टीलचा जेवणाचा डबा मिळाला. त्या डब्यात मी पुढे अनेक वर्षं ऑफिसात जेवलो. स्पर्धेला दिलेली प्रत परत आली नाही, मीही मागितली नाही.

आजी हप्ता भरायला शाखेत यायच्या. दोनदा त्यांनी फोटोचं विचारलं. दोन्हीदा मी म्हणालो, पुढच्या वेळी नक्की. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. मुदतीच्या आधी खातं बंद केलं. १९८५ मध्ये माझी बदली झाली.

१९९४ साली मी त्याच शाखेत मॅनेजर म्हणून परत गेलो. एक दिवस विशीतला एक मुलगा केबिनच्या दाराशी उभा. डोकं केलेलं. म्हणाला, "आजी वारली. घरात तिचा एकबी फोटू नाही. म्हशीच्या वक्ताला बँकेनं काढला होता म्हणत्यात. असंल का?"

रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस धूळ खाऊन आम्ही ती बंद फाईल काढली. फोटो होता. म्हैस अगदी सुरेख आली होती. कानातला बिल्ला असा, की नंबर वाचता येत होता. आणि आजी? शिंगाच्या मागे अर्धा चेहरा. एक डोळा, अर्धं कपाळ, अर्धं तोंड.

मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, म्हैस कापून आजी मोठी करता यील का?"

त्याच क्षणी मला दुसरा फोटो आठवला. त्या रविवारी आणि पुढचे दोन रविवार मी घरातली सगळी खोकी उपसली. निगेटिव्हच्या पट्ट्या शेकड्यांनी, पाकिटांवर धड नोंद नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यात एका पैशाचा फरक चालवून न घेणारा माणूस मी, आणि घरी ही अवस्था. पट्टी सापडली नाही. शेवटी फाईलमधल्या फोटोवरून स्टुडिओत कॉपी करून घेतली, म्हैस जमेल तेवढी कापली आणि अर्ध्या चेहऱ्याचा फोटो मोठा करून त्या मुलाला दिला. त्याने पैसे विचारले. मला मान वर करता आली नाही.

आता पुढचा भाग. निवृत्तीनंतर, २०१२ मध्ये, वेळ होता म्हणून जुन्या निगेटिव्ह लावायला घेतल्या. 'भंडारदरा, रंधा धबधबा' असं लिहिलेलं पाकीट उघडलं आणि पहिल्याच पट्टीत आजी हसत होत्या. ३६ फोटोंचा रोल मला दोन-दोन महिने पुरायचा. वस्तीवर सुरू झालेला रोल भंडारदऱ्याला संपला, आणि पाकिटावर मी फक्त धबधब्याचं नाव लिहिलं होतं.

नगरमध्ये चांगली प्रत करून घेतली आणि दिवाळीनंतर त्या वस्तीवर गेलो. घराला कुलूप. मंडळी कोयता घेऊन कारखान्यावर गेली होती, ऊसतोडीला. पाडवा झाल्यावर परत गेलो. तो मुलगा आता चाळिशीचा बाप्या झाला होता. मला ओळखलं, सतरंजी टाकली. समोरच्या भिंतीवर अर्ध्या चेहऱ्याचा फोटो, हार घातलेला, कोपऱ्यात शिंगाचं टोक तसंच.

मी पाकीट दिलं. त्याने फोटो हातात घेतला, काही बोलला नाही. त्याची आत्या आली होती, ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "ह्यो दात त्याच साली पडला व्हता." मग त्याने आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला बोलावलं. "ही बघ, आपली मोठी आई."

मुलीने फोटोकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि भिंतीकडे बोट करून म्हणाली, "न्हाई. आपली मोठी आई ती हाय."

मंडळी, व्याज म्हणजे काय ते मी ३६ वर्षं लोकांना समजावून सांगितलं. मला ते त्या दिवशी समजलं. फोटो वेळेवर दिला असता तर आजींनी स्वतः तो पाहिला असता, भिंतीवर त्यांचं हसू लागलं असतं आणि नातवंडं-पतवंडं त्यांना तशी ओळखली असती. २८ वर्षं उशीर केला, तर हसणारी आजी तिच्याच घरात पाहुणी ठरली. घरच्यांनी मोठ्या मनाने दोन्ही फोटो शेजारी लावले. मी नव्या फोटोच्या मागे पेन्सिलीने त्यांचं पूर्ण नाव, वस्तीचं नाव, महिना, साल लिहिलं, आणि खाली 'म्हशीने पदर ओढला तेव्हा' असंही लिहिलं. नाव इथे सांगत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण आता ते लिहिलेलं आहे.

नंतर वाचनात आलं की ही थकबाकी मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या मंदीत डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. मांडीवर तान्हं मूल, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं. मंदीचं चित्र म्हणून तो जगभर गेला. लँगबाईंनी त्या माऊलीचं नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं, आणि त्या फोटोचे आपल्याला काहीच पैसे मिळाले नाहीत ही खंत त्या बाईंनी बोलून दाखवली. दुसरं उदाहरण हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं. स्टीव्ह मॅककरी यांनी तो फोटो १९८४ मध्येच, पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढला. १९८५ साली तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला, हे २००२ साली कळलं. ते फोटो महान आहेत, माझा तर शाखेपुरता. पण चूक तीच. चेहरा घेतला, नाव घेतलं नाही, आणि ज्याचा होता त्याच्यापर्यंत पोचवला नाही.

म्हणून माझं आता असं मत झालं आहे की फोटो काढणं हे कर्ज घेणं आहे. समोरच्याने आपला चेहरा विश्वासाने आपल्याकडे दिलेला असतो. छापलेली प्रत त्याच्या हातात पडली की परतफेड होते. तोपर्यंत फोटो कितीही सुंदर असो, तो आपल्या नावावर येणे नाही, देणे आहे.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. या स्मरणिकेसाठी समितीने २००० सालच्या भूमिपूजनाचा फोटो निवडला आहे. मीच काढलेला, म्हणून मी त्यात नाही. मागे सगळी ज्वारीची ताटं दिसतात, सावेडीचा हा भाग तेव्हा असाच होता. त्यात १४ माणसं आहेत. त्यातले पाच जण आज आपल्यात नाहीत. तेरा जणांची नावं आम्ही बसून लिहिली. चौदाव्या, उजव्या कडेला घमेलं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या एक बाई आहेत. सुरुवातीच्या मांडणीत तो भाग कापला होता, पानात बसत नव्हता म्हणून. मी समितीला विनंती केली की म्हैस कापा, बाई कापू नका. माझी गोष्ट ऐकल्यावर सगळ्यांनी मान्य केलं. फोटोखाली छापलं आहे, 'उजवीकडे बांधकामावरील भगिनी, नाव माहीत नाही.' आपण ज्या भिंतींत २५ वर्षं राहिलो, त्यांच्या विटा वाहिलेल्या माणसांपैकी आपल्याकडे हा एकच चेहरा आहे. कुणाला नाव माहीत असेल, किंवा ठेकेदाराकडून कळत असेल, तर जरूर सांगा.

आणि आजच्यांचं काय? आपले वॉचमनमामा, जिने झाडणाऱ्या मावशी, पहाटेचे दूधवाले काका. आपल्या मोबाईलमध्ये प्रत्येकी पाच-दहा हजार फोटो आहेत. त्यात यांचा एक तरी आहे का? असला तर त्यांना दिला आहे का? व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. तिथे फोटो दाबून लहान होतो, आणि मोबाईल बिघडला की संपला.

तरुण मंडळींना माझ्या चार सूचना. एक, वर्षाला निदान २५ फोटो निवडून छापा. दोन, मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. तीन, मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. चार, ज्याचा फोटो, त्याला पहिली प्रत. चौथी सूचना विसरलात तर पहिल्या तीन वाया गेल्या.

ज्येष्ठांना एक विनंती. येत्या रविवारपासून मी सकाळी १० ते १२ सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. घरातले जुने फोटो घेऊन या. कोण कुठलं, कुणाची मुंज, कुणाची आत्या, जे आठवतं ते सांगा. मी लिहून घेईन. आपल्याला आठवतंय तोवरच हे काम होणार आहे. आपल्यानंतर फोटो राहतील, पण ते कुणाचे हे सांगणारं कुणी नसेल.

त्या दिवशी पाथर्डीहून परत आल्यावर मी एक वही घातली. जुन्या निगेटिव्ह बघून, कुणाला 'देतो' म्हणालो आणि दिला नाही, त्याची यादी केली. ११२ फोटो निघाले. गेल्या काही वर्षांत ७१ पोचवले. काही टपालाने, बरेचसे स्वतः जाऊन. काही ठिकाणी माणूस नव्हता, मुलांच्या हातात दिले. आमच्या सौ. म्हणतात, बँकेतून सुटलात पण थकबाकीतून सुटला नाहीत. फरक इतकाच की आता थकबाकीदार मी आहे.

४१ बाकी आहेत. त्यातले चार या सभागृहात बसलेत. एक आहे २००३ च्या गणपतीतला, एक कोजागिरीचा, दोन मुलांच्या स्पर्धांचे. ती मुलं आता नोकरीला लागली, त्यांचे आईवडील समोर आहेत. चहाच्या टेबलाजवळ चार पाकिटं ठेवली आहेत, वर नावं लिहिली आहेत. उठताना आपापलं पाकीट घेऊन जावं. उशिराबद्दल माफी असावी.